दिव्याआडचा हात

एका वाचक मुलीचं पत्र, थोडं कापून:

“ताई, मी चोवीस वर्षांची आहे. कोल्हापुरात चित्रकला शिकले, आता पुण्यात एका स्टुडिओत ग्राफिक्सचं काम करते. स्वतःच्या पैशानं आठ मिनिटांची, संवाद नसलेली एक प्रायोगिक फिल्म करतेय. विषय अँग्झायटी. मला कारावाज्जो या जुन्या इटालियन चित्रकाराची चित्रं फार आवडतात, म्हणून काळी पार्श्वभूमी, एका बाजूनं उजेड, भाड्यानं आणलेला मखमली झगा, टेबलावर द्राक्षं आणि प्लास्टरची कवटी अशी मांडणी केली. मैत्रीण आधी शांत बसते, मग थरथरते, शेवटी किंचाळते. कॅमेरा हलतो, छातीचे ठोके वाढत जातात. नऊ जणांना दाखवली. सगळे म्हणाले, फ्रेम्स भारी आहेत. पण धडधडलं कुणालाच नाही. एक सर म्हणाले, युरोपची नक्कल कशाला करतेस? आता सगळं टाकून द्यावंसं वाटतंय.

ता. क. खरं म्हणजे फिल्म आईवर आहे. बाबा दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर आहेत. त्यांना यायला उशीर झाला की तिला त्रास होतो. मागच्या महिन्यात घरी गेले होते तेव्हा तिला अँग्झायटीचा अटॅक आला, आणि मी स्वयंपाकघराच्या दाराआडून तिचा श्वास फोनवर रेकॉर्ड केला. फिल्ममध्ये तोच आहे. तिला माहीत नाही.”

— दाराआडची

प्रिय दाराआडची,

ताई म्हणालीस, म्हणून अगंतुगंच करते.

उत्तर ताज्या कलमापासून सुरू करते, कारण माझ्या लेखी तुझी फिल्म तिथेच सुरू होते. आईचा तो श्वास टाइमलाइनवरून काढ. आजच काढ. मी रागावत नाहीये. दाराआड उभ्या असलेल्या मुलीला काय करावं ते सुचत नव्हतं, हातात फोन होता, तो तिनं घट्ट धरला, एवढंच झालं असणार. पण त्या घटकेला आईचा स्वतःच्या श्वासावरही ताबा नव्हता. माणसाच्या हातात जे उरलेलं नाही, ते त्याच्या नकळत उचलून आणायचं नसतं. तू तिच्या पोटची असलीस तरी नाही.

तिला सांग. लॅपटॉप उघडून, फिल्म लावून नको. तसं केलंस तर नाही म्हणायला तिला जागाच राहणार नाही. ती भाजी निवडत बसली असेल तेव्हा शेजारी बस, चार शेंगा तूही सोल, आणि सरळ सांग की त्या रात्री मी दाराआड होते, आत यायचा धीर झाला नाही, तुझा आवाज मी फोनवर घेतला, पुसून टाकू का? हो म्हणाली तर तिच्यादेखत पूस. असू दे म्हणाली, तरी फिल्म पुरी झाल्यावर सगळ्यांच्या आधी तिला दाखव आणि पुन्हा एकदा विचार. पहिला होकार लेकीला दिलेला असतो. स्वतःला पडद्यावर ऐकल्यानंतरचा होकार वेगळा.

आणखी एक, आणि ही गोष्ट फिल्मपेक्षा मोठी आहे. छातीत धडधडणं, दम लागणं हे दर वेळी मनाचंच असेल असं धरून बसू नये. तिला डॉक्टरांना दाखवलं नसेल तर आधी ते कर. मन मोकळं करायला टेलिमानस ही सरकारी फोनसेवा आहे, नंबर १४४१६, चोवीस तास चालू असते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. नंबर दोघींच्याही फोनमध्ये असू दे.

आता फिल्म.

तू लिहिलेल्या एका गोष्टीचा अर्थ तुझ्याच नजरेतून सुटलाय असं मला वाटतं. खऱ्या अटॅकमधला खरा श्वास नऊ जणांनी ऐकला आणि एकालाही काही झालं नाही. म्हणजे खरेपणा कमी पडला असं म्हणता येणार नाही. तो श्वास येईपर्यंत काळोख, थरथर, ठोके, हलता कॅमेरा या सगळ्यांनी बघणाऱ्याला चार-चार वेळा सांगून झालं होतं की आता घाबरा. त्यांना एक घाबरलेली मुलगी दिसली. घाबरायचं काम तिनं एकटीनं पुरं केलं, मग बघणाऱ्यांना करायला काही उरलंच नाही.

पत्रभर तू अँग्झायटी हा एकच शब्द वापरलास. डॉक्टरांशी बोलताना तो बरोबर आहे. कॅमेऱ्यामागे उभं राहिलं की तो फार ढगळ पडतो, कारण त्याला वेळ नाही, जागा नाही. आपल्याकडे त्याच घरातले केवढे शब्द आहेत बघ. हुरहूर दिवेलागणीला लागते. धाकधूक निकालाच्या आदल्या रात्री असते, आणि निकाल लागला की संपते. काहूर माजतं, त्याला आवाज फार. घालमेल माणसाला एका जागी बसू देत नाही. आणि घोर लागतो तो दुसऱ्यासाठी. जिवाला घोर. तुझ्या आईचा हा शब्द आहे असं मला वाटतं. पण तो तिच्याकडून खात्री करून घे, ती कदाचित तिसराच एखादा सांगेल. घोर लागलेलं माणूस किंचाळत नाही. ते ताट झाकून ठेवतं. फोन पालथा घालतं, पुन्हा सरळ करतं. ‘गाडी घाटात असेल, रेंज नसेल’ असं स्वतःलाच दोनदा सांगतं. तुझ्या मैत्रिणीला मखमली झगा घालून यातलं एकही करता येणार नाही.

नाट्यशास्त्रात चिंता हा तेहतीस व्यभिचारी भावांपैकी एक आहे. येणारा-जाणारा भाव, ठाण मांडून बसणारा नव्हे. त्याचा अभिनय कसा करायचा याची यादी भरतानं दिलीय: निःश्वास, उच्छ्वास, संताप, ध्यान, खाली मान घालून विचार करणं, अंग वाळत जाणं. त्यात किंकाळी कुठेच नाही. खाली घातलेली मान मात्र आहे. ती लक्षात ठेव, कारावाज्जोकडे गेल्यावर लागेल.

किंकाळीचा विषय निघालाच आहे तर नॉर्वेचा चित्रकार मुंक याच्याबद्दल बोलू, कारण तुझ्या शेवटच्या शॉटमागे त्याचं चित्र उभं आहे, तुझ्या मनात असो वा नसो. ‘द स्क्रीम’ नीट बघ. १८९३चं रंगीत चित्र घे, ओस्लोच्या राष्ट्रीय संग्रहालयातलं. मुंकनं आधीच्या वर्षी डायरीत लिहून ठेवलेला प्रसंग असा: दोन मित्रांबरोबर तो रस्त्यानं चालला होता, सूर्य मावळत होता, आभाळ एकाएकी रक्तासारखं लाल झालं, मित्र पुढे चालत राहिले आणि तो तिथेच थरथरत उभा राहिला, सगळ्या सृष्टीतून एक न संपणारी किंकाळी जातेय असं त्याला वाटलं. म्हणजे किंकाळी बाहेर आहे आणि त्या आकृतीनं हात कानांवर धरलेत. सगळं जग त्या चेहऱ्याची नक्कल करतं. मला विचारशील तर त्या चित्रातली भीती मागे आहे, पुलाच्या टोकाला, त्या दोन पाठमोऱ्या माणसांत. ते चालत राहिलेत. त्यांना काहीच ऐकू आलेलं नाही.

तुझ्या घरी त्या रात्री ती दोन माणसं कोण होती? शेजारच्यांचा टीव्ही चालू होता का? खाली कुणी स्कूटरला किक मारत होतं का? तू स्वतः कुठे होतीस? फिल्ममध्ये आईइतकंच महत्त्वाचं पात्र मला दाराआडची मुलगी वाटते, जिला आत जायचंय आणि पाय उचलत नाहीये.

शिवाय चित्रातली किंकाळी आणि फिल्ममधली किंकाळी या जातीनं वेगळ्या गोष्टी आहेत. चित्रकार फ्रान्सिस बेकननं १९५३ साली, वेलाझ्केझनं १६५०मध्ये रंगवलेल्या पोपला आपल्या चित्रात किंचाळायला लावलं. बेकन वर्षानुवर्षं ज्या उघड्या तोंडामागे लागला होता, ते ‘बॅटलशिप पोटेमकिन’ या १९२५च्या मूकपटातल्या नर्सचं. ते चित्र भयंकर आहे, कारण त्याला आवाज नाही आणि ते तोंड कधीच मिटत नाही. तुझ्या मैत्रिणीची किंकाळी तीन सेकंदांत संपते. संपली की बघणारा सुटतो. त्याला सोडवायचंच नव्हतं ना आपल्याला?

लेसिंग नावाच्या जर्मन लेखकानं १७६६ साली हाच प्रश्न एका जुन्या शिल्पावरून मांडला होता. लाओकून नावाच्या पुजाऱ्याला आणि त्याच्या मुलांना सापांनी वेटाळलंय, आणि तरी दगडातल्या त्या माणसाचं तोंड अर्धवटच उघडलेलं आहे. लेसिंगचं म्हणणं असं की कलावंतानं कळसाचा क्षण निवडू नये. कळस दाखवला की बघणाऱ्याच्या मनाला पुढे जायला वाट राहत नाही. हा नियम सगळ्या कलांना लागू पडतो असं मी म्हणणार नाही. पण घोर हा धंदाच मुळी कळसाच्या अलीकडचा आहे. जे झालेलं नाही, कदाचित होणारही नाही, त्याच्या अलीकडे बसून राहणं. तुझी आठच्या आठ मिनिटं तिथे गेली पाहिजेत.

आणि मिनिटं हाच तुझा रंग आहे. चित्रकाराकडे तो नसतो. त्याला सगळी रात्र एका क्षणात कोंबावी लागते. तुला तो क्षण घेऊन रात्रीएवढा करता येतो. हे शब्दशः करून दाखवलेला माणूस म्हणजे बिल व्हायोला. अमेरिकन व्हिडिओ-कलावंत, २०२४ साली गेला. फ्लॉरेन्सजवळच्या कार्मिन्यानो गावच्या चर्चमध्ये पोंटोर्मो या चित्रकाराचं साधारण १५२८ सालचं एक चित्र आहे: मेरी आणि एलिझाबेथ, दोघी गरोदर, एकमेकींना भेटतायत, आणि मागून दोन बायका थेट आपल्याकडे बघतायत. व्हायोलानं त्यावरून १९९५मध्ये ‘द ग्रीटिंग’ केलं. दोन बायका रस्त्याच्या कोपऱ्यावर बोलत उभ्या आहेत. तिसरी येते, त्यातल्या एकीला मिठी मारते, तिच्या कानात काहीतरी सांगते. बस. मूळ प्रसंग पाऊण मिनिटाचा, पडद्यावर दहा मिनिटांचा. एवढा हळू झाल्यावर आपल्याला दिसायला लागते ती बाजूला पडलेली बाई. तिचं हसू चेहऱ्यावर तसंच राहतं आणि डोळे मात्र आधीच विचारू लागलेले असतात की माझ्याबद्दल तर नाही ना? नुसत्या डोळ्यांनी पाव सेकंदात निसटून जाईल असं काहीतरी तिथे आपल्यासमोर सावकाश उलगडतं. व्हायोलानं पोंटोर्मोचा प्रसंग घेतला, रंग आणि वाऱ्यानं फुगणारी वस्त्रं घेतली, बायका मात्र आजच्या, आजच्या कपड्यांतल्या. झगे भाड्यानं आणले नाहीत.

एक सावधगिरी. स्लो मोशन जाहिरातींनी फार स्वस्त करून टाकलंय. तू त्याच क्षेत्रात आहेस, तुला ठाऊक आहेच. मोठी घटना हळू केली की ती नुसती देखणी होते. घटना लहान, अर्धवट आणि दोन अर्थांची असेल तरच हळूपणाला काम मिळतं.

व्हायोला लांबचा वाटत असेल तर तू आत्ता राहतेस त्याच शहरात, फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या मणि कौल यांची ‘उसकी रोटी’ बघ. १९७०ची, मोहन राकेश यांच्या कथेवरची. बालो नावाची बाई नवरा जी बस चालवतो तिची वाट बघत रस्त्यावर थांबते, हातात त्याची भाकरी. एवढंच. फिल्ममधल्या बायकांच्या बसण्या-उभं राहण्यावर अमृता शेरगिल यांच्या चित्रांची छाया आहे, पण कुठलंही चित्र हुबेहूब उभं केलेलं नाही. कौल यांनी मुख्यतः दोनच भिंगं वापरायचं ठरवलं होतं, ऐसपैस दाखवणारं २८ मिलिमीटरचं आणि लांबचं जवळ आणणारं १३५चं. सुरुवातीला एक बाहेरच्या जगण्यासाठी आणि दुसरं तिच्या मनातल्यासाठी, आणि पुढे हळूहळू त्यांची अदलाबदल. बघणाऱ्याला हे कळत नाही, पण खरोखर घडलेलं कुठलं आणि तिला वाटलेलं कुठलं याची खात्री त्याच्या हातून निसटत जाते. चालकाची बायको, झाकलेलं जेवण, रस्त्याकडे लागलेले डोळे. पत्र वाचताना मला हीच फिल्म आठवली. तू ती पाहिली नसशील तर या आठवड्यात पाहा, आणि पहिली वीस मिनिटं कंटाळा आला तरी उठू नकोस.

त्या कंटाळ्याबद्दल दोन शब्द. मी फिल्म एडिटर आहे, बावीस वर्षं हेच करतेय. आपण शॉट साधारणपणे कुठे कापतो? बघणाऱ्याला कळलं की. तुझ्या फिल्ममध्ये कळल्यानंतर थांब. तो आधी समजतो, मग कंटाळतो, आणि तरीही शॉट गेला नाही तर नव्यानं बघायला लागतो. या वेळी जरा सावधपणे, कारण आता आपल्याला इथे का बसवून ठेवलंय हे त्याला उमगत नाही. हे तिसरं बघणं घोराच्या अगदी जवळचं आहे.

कुकरचं उदाहरण घे. मराठी घरात वाढलेलं माणूस शिट्ट्या मोजतं, त्याला मोजू नको म्हटलं तरी मोजतं. आईनं कुकर लावलाय. फ्रेममध्ये तिची पाठ आणि गॅस. पहिली शिट्टी. बऱ्याच वेळानं दुसरी. आता कापू नकोस. तिसरी येऊच देऊ नकोस. नऊच्या नऊ जणांचं अंग त्या तिसऱ्या शिट्टीकडे ओढलं जाईल, आणि त्यासाठी एकही ठोका वाजवावा लागणार नाही.

आता तुझा लाडका कारावाज्जो. तू त्याचा काळोख घेतलास, फळं घेतलीस, पण त्याच्या चित्रांत जीव टांगणीला लावणाऱ्या ज्या गोष्टी आहेत त्या टेबलावरच राहून गेल्या. लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं त्याचं १६०१चं ‘सपर अ‍ॅट एमाऊस’ उघडून बघ. फळांची टोपली कुठे ठेवलीय? टेबलाच्या अगदी कडेवर, थोडी बाहेरच आलेली. चारशे वर्षं ती पडायची राहिलीय. समोर उभं राहिलेल्या माणसाचा हात आपोआप पुढे व्हावा अशी ती जागा आहे. कवटीनं मृत्यूची आठवण होते हे पुस्तकी ज्ञान झालं. कडेला सरकलेल्या टोपलीनं पोटात गोळा येतो, त्याला ज्ञान लागत नाही. आईनं झाकून ठेवलेलं ताट ओट्याच्या कडेबाहेर दोन बोटं येऊ दे. त्याबद्दल काहीच करू नकोस. पाडू तर मुळीच नकोस.

दुसरं चित्र रोमच्या सान लुईजी देई फ्रान्चेसी या चर्चमधलं, संत मॅथ्यूला येशू बोलावतो ते, १५९९-१६०० मधलं. वर खिडकी आहे, पण उजेड तिच्यातून येत नाही. तो उजवीकडून, चौकटीच्या बाहेरून, येशूच्या डोक्यावरून येतो. बोलावणं आणि उजेड एकाच दिशेनं. दाढीवाला माणूस बोट करतो, ‘मी?’ म्हणून. आणि टेबलाच्या डाव्या टोकाला एक तरुण खाली मान घालून नाणी मोजत बसलाय. मॅथ्यू म्हणजे तो दाढीवाला की हा तरुण, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. मला तो वाद सुटायला नको आहे. खाली मान, बोटं नाण्यांवर, आणि उजेड येऊन पोचलेला. वर बघितलं की आयुष्य बदलणार, म्हणून तो मोजतच राहिलाय. भरताची यादी आठव.

माझ्या वडिलांचं ऑपरेशन चालू होतं तेव्हा मी साडेचार तास बाहेरच्या बाकावर होते. त्यातलं आज मला काय आठवतं? समोरच्या भिंतीवर स्विचबोर्ड होता, चार बटणांचा, आणि त्यातलं एक तिरकं बसलं होतं. ते सरळ करावं असं सारखं मनात येत होतं आणि मी उठले नाही. उठले तर आत काहीतरी बिघडेल असं वाटत होतं. याला काही अर्थ नाही, मला तेव्हाही कळत होतं. पण कुणी मला माझ्या भीतीचं चित्र काढायला सांगितलं तर मी ते बटण काढेन. तुझ्या आईचंही असं एक बटण असणार. ते तुला कळायला रेकॉर्डिंग उपयोगाचं नाही. ते तिनंच सांगायला हवं.

नकलेबद्दल सर जे म्हणाले त्यातलं अर्धं मला पटतं. बाहेरून घेऊ नये असं त्यांना म्हणायचं असेल तर आपला सिनेमा जन्मलाच नसता. दादासाहेब फाळके जे. जे. स्कूलमध्ये शिकले, राजा रविवर्म्यांच्या लोणावळ्याजवळच्या छापखान्यात त्यांनी काम केलं, आणि मग १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’. रविवर्म्यांचं तैलरंगांचं तंत्र तरी कुठलं होतं? तुझ्या कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत होते. कॅमेरा मिळेना तर त्यांनी स्वतः बनवला. पुढे मुंबईचे चित्रकार एम. एफ. हुसेन यांच्या फिल्मनं १९६७ साली बर्लिनमध्ये पारितोषिक मिळवलं, १९७० साली तय्यब मेहता वांद्र्याच्या कत्तलखान्यात कॅमेरा घेऊन गेले आणि त्यांनी ‘कूडल’ केली, आणि त्याच वर्षी अकबर पदमसींनी रेखाटनांतून ‘सिझिगी’ केली. चित्रकारानं फिल्म करणं ही आपल्याकडे जुनी, सरळ वाट आहे. तुला कुणाची परवानगी नको.

सरांचं जे अर्धं मला पटतं ते असं: तू चित्राचं सामान आणलंस, रीत आणली नाहीस. झगा, कवटी, द्राक्षं यांचा तुझ्या आईशी काय संबंध? रीत मात्र कुठल्याही घरात चालते. उजेड कुठून येतो, कुणावर पडतो, कुणाला चुकवतो.

यासाठी तुला एक चित्र देते. सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं, ‘ग्लो ऑफ होप’. चाळीसच्या दशकातलं, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पुष्कळांना ते रविवर्म्यांचं वाटतं. साडीतली मुलगी, हातात दिवा, दुसरा हात ज्योतीच्या आड. मॉडेल म्हणून त्यांची लेकच उभी राहिली होती. आणि हे सगळं जलरंगात, जिथे एकदा गेलेला पांढरा परत मिळत नाही. छायाप्रकाश कारावाज्जोच्या कुळातला आहे, पण एक मोठा फरक आहे: कारावाज्जोचा उजेड बाहेरून येतो, हुकूम आल्यासारखा. इथे उजेड बाईच्या हातात आहे, तिलाच तो जपायचाय, आणि तो विझू शकतो. चित्राचं नाव आशा आहे, आणि तो चेहराही शांत आहे. मी मात्र दर वेळी आडव्या धरलेल्या त्या हाताकडे बघते. बोटांच्या कडा आतून लाल झाल्यात. वारा चित्रात कुठेच नाही. तो आहे हे आपल्याला त्या हातामुळे कळतं.

तुझी आई रात्रभर हेच करते, नाही का? हातात दिवा नसेल, फोन असेल. तिच्या चेहऱ्यावर खालून येणारा उजेड फोनचा. तो अर्ध्या मिनिटानं आपोआप विझतो आणि ती बोट लावून पुन्हा जागा करते. तुझ्या फिल्मचा प्रकाश मला तरी तिथे दिसतो.

आता थोडं कामाचं. स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या टाइल्स उजेड उडवतात आणि काळोख करडा पडतो, म्हणून उजेडाच्या समोरच्या बाजूला, फ्रेमबाहेर, काळी चादर टांग. फोनचं एक्स्पोजर लॉक कर, नाहीतर तो अंधार बघून स्वतःच सगळं उजळवतो. फोनवर सेकंदाला २४० फ्रेम्स घेऊन २४नं चालवल्या की प्रसंग दहापट लांबतो. वीस सेकंदांचे तीन मिनिटं वीस सेकंद होतात, आठ मिनिटांच्या फिल्ममध्ये असा शॉट एकच पुरे. पण तो दिवसाउजेडी खिडकीशी घे. आपली वीज पन्नास हर्ट्झची, साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, आणि एरवी न दिसणारं ते लुकलुकणं २४० फ्रेम्समध्ये लख्ख दिसतं. मुद्दाम केलेले उघड-मिट उजेडाचे झटके नको; सेकंदाला तीनपेक्षा जास्त झाले तर काही लोकांना फिट येऊ शकते.

ठोके काढून टाक. त्यांच्या जागी फ्रिजची घरघर ठेव, पहिल्या सेकंदापासून, अगदी हलकी. ती कुणाला ऐकू येणार नाही. सहाव्या मिनिटाला ती बंद कर. फ्रिज थांबतो तेव्हाच आपल्याला कळतं की इतका वेळ तो चालू होता. त्यानंतर लांब रस्त्यावर एखाद्या अवजड गाडीचा आवाज येऊ दे आणि तो जवळ येतोय की लांब जातोय हे ठरायच्या आत फिल्म संपव. बाबा आले का, हे दाखवू नकोस. हे मात्र माझं मत. तू आणि आई मिळून वेगळं ठरवलंत तर माझं ऐकू नका.

मैत्रिणीचंही बघ. थरथरायचं म्हणून ती जोरजोरात श्वास घेत असेल, तर तसं सलग केल्यानं खरंच चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. टेक्स कमी ठेव, मधे बसू दे, पाणी दे. आणि तुझं स्वतःचं काय? पत्रात तू आईचं लिहिलंस, मैत्रिणीचं लिहिलंस, सगळं टाकून द्यावंसं वाटतंय हे एका ओळीत उरकलंस. दाराआडच्या मुलीलाही त्या रात्री काहीतरी झालं होतं. शूटिंगच्या दिवशी एक माणूस असा असू दे ज्याचं काम फक्त तुला ‘आज पुरे’ म्हणायचं. आणि वर दिलेला नंबर तुझ्यासाठीही आहे.

टाकून काही देऊ नकोस. जुनं फुटेज वेगळ्या फोल्डरमध्ये ठेव. मैत्रीण शांत बसलेली जी पहिली मिनिटं आहेत, ती किंचाळण्याआधीची, त्यात काहीतरी सापडेल असा माझा अंदाज आहे. झगा परत कर, भाडं चढत असेल. रविवारी घरी जा. कॅमेरा बॅगेतच असू दे. आईला त्या रात्रीचं सांग, आणि ती बोलली तर विचार की बाबांची वाट बघताना तू स्वयंपाकघरात नेमकी कुठे उभी राहतेस. तिथे तूही थोडा वेळ उभी राहा.

ती काय म्हणाली ते मला कळव.

तुझी,
ताई